आर्सेनिक टीडीएस मीटरला दिसत नाही : सीएसआर समित्यांना एक खुलं पत्र

प्रति,
गावोगावी 'आर्सेनिकमुक्त' पाण्याचे आरओ प्लांट देणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांचे सर्व सदस्य

विषय : प्लांटच्या तपासणीतून आर्सेनिकच वगळल्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका निविदेचा मसुदा माझ्याकडे 'जरा नजर टाका' म्हणून आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिने काही जगावेगळं केलेलं नाही, असे मसुदे मी पूर्वीही पाहिलेत. गंगेकाठच्या गावांसाठी आरओ प्लांट द्यायचे होते. पहिल्याच पानावर 'आर्सेनिक' हा शब्द तीनदा होता. आत स्वीकृती चाचणीचा तक्ता होता : पीएच, गढूळपणा, कठीणपणा, टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), जिवाणू, ताशी लिटर. आर्सेनिकची ओळही होती, पण तिच्यावर आडवी रेघ मारलेली आणि बाजूला शेरा : 'टीडीएस ५० च्या आत आल्यास पुरेसे. खर्च वाचेल.'

मी लगेच कळवलं की ही रेघ काढा. उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवून घेतली आहे.' नोंदवून घेतलेल्या सूचनांचं पुढे काय होतं ते नोकरीत भरपूर पाहिलंय, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

मी निवृत्त कमिशनिंग इंजिनिअर. भोसरीच्या एका शेडमधून सव्वीस वर्षं मेम्ब्रेनचे, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्याचे, प्लांट ट्रकवर चढवून दिले आणि त्यांच्या मागोमाग जाऊन ते चालू करून दिले. आधी साखर कारखाने, डेअऱ्या, दवाखाने. २०१४ नंतर गावं. २०१४ नंतरच का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कंपनी कायद्याचं कलम १३५ त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झालं, सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं, आणि अनुसूची सातमध्ये सुरक्षित पिण्याचं पाणी बसतं. आमच्या शेडला रात्रपाळी लावावी लागली. म्हणजे तुमच्या पैशावर माझंही घर चाललं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातला काही दोष माझ्या पदरात आहे.

डिसेंबर २०१५. बिहारचा भोजपूर जिल्हा, शाहपूर ब्लॉक. गावाचं नाव नको. बिहारच्या भूजलात आर्सेनिक पहिल्यांदा सापडलं ते २००२ साली, याच ब्लॉकमधल्या सेमरिया ओझा पट्टी गावात. आमचं गाव तिथून फार लांब नाही. शाळेच्या आवारात पत्र्याची खोली, आत ताशी पाचशे लिटरचा प्लांट, बाहेर मांडव. पाहुण्यांनी नळ उघडून ग्लास भरला. मी टीडीएस मीटर पुढे केला, त्यांनी तो पाण्यात बुडवला. २२. शेजारच्या ग्लासात चापाकलाचं पाणी होतं, तिकडे हातपंपाला चापाकल म्हणतात, त्यात ४१०. "चारशे दस से सीधे बाईस!" पाहुण्यांनी माईकवर सांगितलं आणि टाळ्या पडल्या. या दोन आकड्यांचा आर्सेनिकशी काडीचा संबंध नाही हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. टाळ्या मीही वाजवल्या.

तुमच्यातले बरेच जण वित्त किंवा मनुष्यबळ विभागातून समितीवर आलेले असता, तेव्हा हा संबंध का नाही ते नीट सांगतो. टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. त्याच्या टोकाला दोन पिना असतात, त्यांच्यामधून पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच तो बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. त्याचा शेवटचा आकडा एकाने हलायला लिटरला एक मिलीग्रॅम क्षार लागतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलीग्रॅमचा शंभरावा भाग. आमच्या चापाकलाच्या पाण्यात आर्सेनिक होतं दोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास, मर्यादेच्या वीसपट. तरीही मीटरच्या हिशेबाने ते ०.२. त्या ४१० मधून सगळंच्या सगळं आर्सेनिक काढून टाकलं असतं तरी मीटर ४१०च म्हणाला असता.

बरं, जास्त बारीक मीटर आणला तर? तरीही नाही. गंगेच्या खोऱ्यातलं आर्सेनिक कुणा कारखान्याने सोडलेलं नाही. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचं गंजासारखं पुट असतं आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की जिवाणू ते पुट विरघळवतात आणि लोह, आर्सेनिक दोन्ही पाण्यात उतरतात. कमी खोलीच्या चापाकलांना हेच पाणी लागतं. (गावातल्या जुन्या उघड्या विहिरींना हवा लागते, म्हणून त्यांत आर्सेनिक बहुधा कमीच सापडतं. त्या विहिरी अस्वच्छ म्हणून आपण बुजवल्या आणि चापाकल दिले. असो.) ऑक्सिजनविना पाण्यात उतरलेलं हे आर्सेनिक बहुतांशी आर्सेनाइट रूपात असतं, आणि नेहमीच्या पीएचला आर्सेनाइटवर विद्युतभार नसतो. भार नाही म्हणजे ते वीज वाहत नाही, म्हणजे मीटरच्या लेखी ते पाण्यात नाहीच.

आता मेम्ब्रेनकडे या. पॉलिअमाइडची आरओ मेम्ब्रेन भारित कणांना चांगली अडवते. आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं भार असलेलं रूप, ९५ टक्क्यांहून जास्त अडतं. बिनभाराचं आर्सेनाइट मात्र पुष्कळ सटकतं. म्हणून आर्सेनिकचा प्लांट लावताना पहिली गोष्ट करायची ती आर्सेनाइटचं आर्सेनेट करण्याची. नुसत्या हवेने त्याला दिवसच्या दिवस लागतात, क्लोरीनने मिनिटभरात होतं. पण क्लोरीन पॉलिअमाइडला जाळतो. म्हणून पाणी मेम्ब्रेनपर्यंत पोहोचायच्या आत सोडियम मेटाबायसल्फाइट, आमच्या भाषेत एसएमबीएस, घालून तो मारायचा. दोन टाक्या, दोन डोसिंग पंप : एकाने घालायचं, दुसऱ्याने काढायचं. आर्सेनिकच्या प्लांटचं सगळं मर्म या दोन टाक्यांत आहे. फोटोत त्या कधीच येत नाहीत, कोपऱ्यात असतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी त्या गावी पुन्हा गेलो. ऑपरेटर मुलाच्या बहिणीचं लग्न होतं आणि त्याने फारच आग्रह केला. मी सोडून आलो तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आता दोन मुलांचा बाप. आठ वर्षं झाल्यावर असला प्लांट भंगारात गेलेला असतो, हा माझा अनुभव. हा चालू होता! बोर्डवरचा लोगो उडालेला, पण 'आर्सेनिक मुक्त शुद्ध पेयजल' ही अक्षरं शाबूत. बाया कळशा घेऊन रांगेत. मला काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही.

मग आत गेलो. क्लोरीनची टाकी कोरडी, आत वीस लिटरच्या जारची निळी झाकणं भरून ठेवलेली. एसएमबीएसच्या टाकीवर रजिस्टर. दोन्ही पंपांचे प्लग काढून वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली.

झालं होतं ते असं. दुसऱ्या वर्षी एसएमबीएस संपलं आणि नवं वेळेवर आलं नाही. क्लोरीनचा पंप चालूच होता. क्लोरीन सरळ मेम्ब्रेनवर गेला आणि महिनाभरात टीडीएस २२ चा १८० झाला. तक्रार गेली, एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा माणूस आला, त्याने मेम्ब्रेन बदलल्या आणि क्लोरीनचा प्लग उपटला. जाताना सांगून गेला, "ये मत चलाना, मेम्ब्रेन जल जाता है।" टीडीएस परत ३० वर आला. सगळे खूश. तक्रारीचा निकाल लागल्याची सही रजिस्टरात आहे.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला कागदावर एकच काम दिलं होतं, टीडीएस खाली आणायचं, आणि ते त्याने चोख केलं. फक्त त्या दिवसापासून मेम्ब्रेनकडे जाणारं आर्सेनिक आर्सेनाइटच राहिलं. सहा वर्षं रोज सकाळी त्या मुलाने निळ्या पेनाने टीडीएस लिहून ठेवलाय. २९, ३१, ३०, ३१. एक दिवस चुकवला नाही. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "मीटर तो ठीके बता रहा है, सर।"

मी पिशवीतून किट काढलं. ते असं असतं : बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची, बुचात रसायन लावलेली कागदाची पट्टी बसवायची. आर्सेनिक वायू होऊन वर येतं आणि पट्टी रंगते. वीस मिनिटं आम्ही दोघं त्या बाटलीकडे बघत बसलो. मांडवात बँड वाजत होता. पट्टी आधी पिवळसर झाली, मग कडेकडेने तपकिरी. तक्त्यावर धरली तर रंग ५० आणि १०० च्या मधला. खात्रीसाठी एक बाटली आम्ल घालून बरोबर आणली आणि पुण्यात प्रयोगशाळेत दिली. ६४ आले. त्याच पाण्याचा त्या दिवशीचा टीडीएस ३१.

त्याच्या आईने जेवायला वाढलं तेव्हा तिचे तळहात दिसले. साबुदाण्याएवढे कडक खडे, दोन्ही हातांना. शेतकामाने झालेत असं ती म्हणते. आर्सेनिकच्या खुणा उमटायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे हे खडे चापाकलाच्या पाण्याचे की नंतरच्या आमच्या पाण्याचे, ते मला सांगता येणार नाही. चापाकल आता ती पिण्यासाठी वापरत नाही. 'मशीनचं' पाणी पिते, आणि नातवंडांनाही तेच देते.

आता तक्रारी.

पहिली वर येऊन गेलीच. ज्या विषासाठी पैसे खर्च करता तेच मोजत नाही. माझ्या २०१५ च्या अहवालात आर्सेनिकचा आकडा होता, पण तो पहिल्या दिवशी, कोऱ्या मेम्ब्रेनवर, दोन्ही टाक्या भरलेल्या असताना घेतलेल्या एका बाटलीचा. पुढच्या आठ वर्षांत एकही बाटली गेली नाही. मीही कधी फोन करून विचारलं नाही. आता तर तुम्ही पहिल्या दिवसाची बाटलीसुद्धा काढून टाकताय.

दुसरी मुदतीची. २०२१ च्या सीएसआर नियमांत 'चालू प्रकल्प' सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच धरता येतो. मेम्ब्रेनचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. म्हणजे मेम्ब्रेन बदलायची वेळ आणि तुमची निघायची वेळ एकच. मालमत्ता पंचायतीच्या किंवा गटाच्या नावावर झालेली असते, हस्तांतराच्या कागदावर सरपंचाची सही असते, आणि डोसिंग पंप कशासाठी आहे हे त्या कागदात कुठेही नसतं. मोठ्या प्रकल्पांना परिणाम मूल्यमापन लागतं हे खरं. असं एक मूल्यमापन मी वाचलंय. लाभार्थी मोजले होते, पाण्याची चव आवडते का ते विचारलं होतं.

तिसरी तक्रार रिजेक्टची, म्हणजे प्लांट मागच्या पाइपाने टाकून देतो त्या पाण्याची, आणि ही मला सर्वांत बोचते कारण हिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मेम्ब्रेन आर्सेनिक नष्ट करत नाही, ते फक्त एका बाजूला ढकलते. निम्मं पाणी शुद्ध आणि निम्मं रिजेक्ट असा हिशेब धरा. २०० चं पाणी आत गेलं आणि मेम्ब्रेनने ९५ टक्के अडवलं तर शुद्ध पाण्यात १० उरतात आणि रिजेक्टमध्ये ३९० जातात. म्हणजे प्लांट जितका उत्तम चालेल तितकं मागच्या पाइपातलं पाणी वाईट. आमच्या गावात तो पाइप खोलीच्या मागे उघडा सोडलाय. तिथे नेनुआचा, म्हणजे आपल्या घोसाळ्याचा वेल इतका माजलाय की पत्रा दिसत नाही. वेलापासून वीस पावलांवर शाळेचा चापाकल.

चौथी तंत्राच्या निवडीची. आरओ दिसायला झकास, स्टेनलेस स्टीलचा, आणि उद्घाटनाला आवाजही करतो. पण आर्सेनिकवर तेवढा एकच इलाज नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने सिरॅमिक मेम्ब्रेन वापरून लोह आणि आर्सेनिक काढणारे प्लांट केले : आर्सेनिक आधी बारीक कणांना चिकटवायचं आणि मग ते कण मेम्ब्रेनने गाळायचे. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या अरूप सेनगुप्ता यांच्याबरोबर १९९० च्या दशकाच्या शेवटी बंगालच्या गावांत चापाकलांनाच जोडलेले, आर्सेनिक धरून ठेवणारे स्तंभ बसवले. तिथे गावाची समिती वर्गणी काढते, आणि अडवलेलं आर्सेनिक कुठे ठेवायचं याचाही विचार आधीच केलेला. आयआयटी मद्रासच्या प्रदीप यांचं आर्सेनिक धरून ठेवणारं लोहाधारित माध्यम आहे. जिथे नदी जवळ आहे तिथे नदीचंच पाणी शुद्ध करून नळाने देणं सर्वांत बरं. जलजीवन मिशननेही असे सामुदायिक प्लांट नळाचं सुरक्षित पाणी येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणूनच धरलेत, माणशी रोज ८ ते १० लिटर, पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. आरओ लावूच नका असं मी म्हणत नाही. सव्वीस वर्षं तेच विकून खाल्लंय. पण काही ठिकाणी नुसता यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, आरओपेक्षा मोठ्या छिद्रांची गाळणी) बसवून 'आर्सेनिक फिल्टर' म्हणून फीत कापलेली मी पाहिली आहे. यूएफची छिद्रं जिवाणू अडवतात. विरघळलेलं आर्सेनिक त्यांतून ऐटीत जातं.

आणि हे सगळं तिकडे बिहारातलं आहे असं समजून पान उलटू नका. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातल्या पाण्यात आर्सेनिक असल्याची नोंद १९९९ सालीच झालेली आहे. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या गावांत हेच प्लांट आहेत आणि रजिस्टरात हाच एक रकाना आहे.

मागण्या साध्या आहेत.

मसुद्यातली ती रेघ काढा. प्लांट ताब्यात घेताना आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी आत येणारं पाणी, नळाचं पाणी आणि रिजेक्ट या तिन्हींतलं आर्सेनिक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मधल्या काळात ऑपरेटरच्या हातात किट द्या आणि ते वापरायला शिकवा. मांडव, हार आणि फोटोग्राफरच्या खर्चात हे सहज निघेल. नाहीच निघालं तर मांडव घालू नका.

तपासणीचा आकडा तारखेसकट नळाच्या वर लिहा, गावाच्या भाषेत, तुमच्या लोगोपेक्षा मोठ्या अक्षरात.

क्लोरीन आणि एसएमबीएसचा पुरवठा करारात लिहून घ्या. मेम्ब्रेनच्या आधी ओआरपी सेन्सर, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते सांगणारं उपकरण, बसवा. एसएमबीएस संपलं की प्लांट आपोआप बंद पडला पाहिजे, आणि क्लोरीनचा पंप बंद असेल तर प्लांट सुरूच होता कामा नये. कारखान्यांच्या प्लांटला अशी व्यवस्था आम्ही न विचारता देतो.

रिजेक्टचा पाइप कुठे जाणार हे नकाशावर दाखवल्याशिवाय एकही प्लांट मंजूर करू नका.

मुदत संपल्यावर देखभाल हाच पुढचा प्रकल्प म्हणून ठरावात घ्या. नव्या दहा गावांच्या यादीतून पाच कमी झाली तरी चालतील.

आणि आजवर दिलेले सगळे प्लांट येत्या तीन महिन्यांत तपासा. निकाल जसे येतील तसे वार्षिक अहवालात छापा. जिथे आकडा १० च्या वर असेल तिथे त्याच दिवशी नळाला लाल रंग लावा. बंगालमध्ये आर्सेनिकच्या चापाकलांना लावायचे तसाच, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

माझ्या गावापुरतं सांगायचं तर जानेवारी २०२४ मध्ये मी स्वखर्चाने दोन्ही टाक्या भरून दिल्या, प्लग परत लावले आणि त्या मुलाला किट दिलं. मार्चमध्ये त्याने पट्टीचा फोटो पाठवला : १० च्या आसपास. रिजेक्टचा पाइप अजून तिथेच आहे. तो हलवायला खड्डा आणि लोहाचं माध्यम लागेल आणि तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. वेल मात्र मी त्याला कापायला लावला, त्याची आई दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाही.

तुमच्यापैकी कुणाला आपले प्लांट तपासायचे असतील तर मी येईन. मानधन नको. पुणे-दानापूर एक्स्प्रेस आऱ्याला थांबते, किट माझ्या पिशवीत असतं, पट्ट्या चाळीस शिल्लक आहेत. गावांची यादी आणि तारीख तेवढी कळवा.

आपला,
एक निवृत्त कमिशनिंग इंजिनिअर
भोसरी, पुणे